शेवटला हात कोना?

आमच्या घरमालकांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि सुटे भाग विकायची त्यांना मनापासून नावड होती.

शहाद्यात आम्ही त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खिडकीत उभं राहिलं की खालचं सगळं ऐकू यायचं. एखादा शेतकरी घाईघाईने येऊन म्हणायचा, "शेठ, वॉटर पंप द्या." दुसऱ्या कुठल्याही दुकानदाराचा हात आधी फळीकडे गेला असता. आमचे शेठ खुर्ची पुढे सरकवत.

"बठा. जुना कथा शे?"

"तो फेकी दिना."

"मंग उचली आना. देखाबिगर मी देवाव नही."

शेतकरी चिडायचा, समोरच्या दुकानात जातो म्हणायचा. शेठ म्हणायचे, "जा ना. तो गंज चांगला मानूस शे. इचारनार नही." यावर चिडलेला माणूसही बहुधा खुर्चीत बसायचा.

ग्रीस आणि ऑइलच्या त्या दुकानात शेठ पांढरा सदरा आणि पांढरा लेंगा घालून बसत, आणि तो संध्याकाळपर्यंत पांढराच राही. हे त्यांना कसं जमायचं, हे मला वर राहूनही कधी कळलं नाही. कोणी जुना भाग आणला की ते गल्ल्यावर धुतलेलं फडकं अंथरायचे, त्यावर तो भाग ठेवायचे आणि आधी त्याचा वास घ्यायचे. मग नखाने खरवडायचे. मग पुन्हा वास. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले. घरात मारवाडी, गल्ल्यावर अहिराणी, आणि माझ्याशी, मी कॉलेजच्या लेखा विभागात आहे म्हणून, शुद्ध मराठी. ती शुद्ध मराठी दुसऱ्या वाक्याला दम तोडायची.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. यंत्र कुठलंही असो, बिघाड कसलाही असो, सगळं ऐकून घेतल्यावर ते विचारायचे, "शेवटला हात कोना?" म्हणजे बंद पडण्याआधी यंत्राला शेवटचा हात कोणाचा लागला होता? आणि त्याला जोडून त्यांचं दुसरं वाक्य यायचंच, "बंद कसं पडनं ते तुमी सांगा. चालू कसं व्हई ते मी सांगस."

तळोद्याहून डोंगरातल्या गावांकडे जीप चालवणारा एक जण एकदा क्लच प्लेट न्यायला आला. जीप चढाला ओढत नाही, प्लेट गेली, अशी त्याची खात्री होती. शेठनी प्रश्न विचारला. शेवटचा हात चुलतभावाचा निघाला. शेठनी तिथल्या तिथे त्या चुलतभावाला फोन लावायला लावला आणि स्वतः इतका वेळ बोलले की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं ऐकत उभी राहिली. शेवटी निष्पन्न झालं की चुलतभावाच्या चपलेचा तुटलेला पट्टा पेडलच्या सांध्यात गेला होता आणि पेडल पूर्ण वर येत नव्हतं. जीपवाला प्लेट न घेता हसत परत गेला. शेठचा मुलगा, जो तेव्हा दुकानात नुकताच बसायला लागला होता, वैतागून मला म्हणाला, "काका, हे दुकान आहे की दवाखाना?"

पण शेठ नेहमी बरोबर असत असं मुळीच नाही. आमचा छताचा पंखा बंद पडला तेव्हा बेअरिंग गेलं असं त्यांनी जिन्यातूनच, पंखा न बघता, जाहीर केलं. पंखा उतरवला, उघडला, फडक्यावर मांडला. बेअरिंग उत्तम होतं. बिघडला होता भिंतीवरचा रेग्युलेटर. शेठ शांतपणे म्हणाले, "मी म्हणलं व्हतं ना, वायरीनं काम शे." असं ते कधीच म्हणाले नव्हते. "मी म्हणलं व्हतं ना" हे वाक्य त्यांना प्रत्येक निकालानंतर लागायचं, निकाल कुठल्याही बाजूने लागो.

त्यांचा तो प्रश्न फक्त यंत्रांपुरता नव्हता. एकदा माझं आणि बायकोचं बोलणं बंद होतं. कारण मला आता आठवत नाही, तिला आठवतं. वरून भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येतोय हे शेठच्या लक्षात आलं असावं. जिन्यात मला अडवून त्यांनी विचारलं, "शेवटलं बोलनं कोनं व्हतं?"

"माझं," मी म्हटलं.

"मंग चालू बी तुमलेच करनं पडी," असं म्हणून ते दुकानात निघून गेले. मी वर जाऊन चहा मागितला. मिळाला.

या सगळ्याचा माझ्या घराशी खरा संबंध आला तो माझ्या धाकट्या बहिणीच्या ट्रॅक्टरमुळे.

बहीण प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठच्या एका गावात असते. तिची अकरा एकर जमीन आहे. तिच्या यजमानांनी एका दुपारी शेतातून येऊन ट्रॅक्टर पडवीत लावला, आणि संध्याकाळी छातीत दुखतंय म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं ते परत आले नाहीत. ट्रॅक्टर तिथेच राहिला. जमीन तिचे दीर बटाईने करू लागले. गाव त्यांना बापू म्हणतं, आपणही बापूच म्हणू. माणूस सरळ. निम्मा वाटा न मागता घरी पोचवणारा. तरीही बहिणीच्या मनात काहीतरी सलत होतं. एकदा ती मला म्हणाली, "हिस्सा बराबर देतस ते. पन मी मन्हाच बांधवर पाव्हनीसारखी जास, भाऊ."

तिला शेती स्वतः करायची होती. पूर्वीही ती यजमानांच्या शेजारी बसून वखरणीच्या वेळी ट्रॅक्टर चालवायची. बापूंना ते पटत नव्हतं, पण त्यांनी अडवलंही नाही. त्यांनी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. आमच्याकडे शेतीचं साल अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलतं. सालदार त्या दिवशी ठरतात, बटाईचा शब्दही त्याच दिवशी दिला-घेतला जातो. एकदा शब्द गेला की पुढच्या अखजीपर्यंत बदल नाही. बापू म्हणाले, "वहिनी, अखजीलगून ट्रॅक्टर चालू व्हयना, तर जमीन तुमनी तुमले. नही व्हयना तर आजून एक साल मी करस. भाडाना ट्रॅक्टर वर शेती व्हत नही, पेरनीना टाइमले कोनी देत नही." यात खोटं काही नव्हतं. बहिणीने ते मान्य केलं आणि मला फोन केला.

तोपर्यंत ट्रॅक्टर तीन दसरे जागेवर उभा होता. मी एका मेकॅनिकला घेऊन गेलो. दुसरी बॅटरी लावून त्याने स्टार्टरचा सेल मारला. इंजिन फिरलं, पण सुरू झालं नाही. त्याने थोडं खोललं, थोडं बघितलं आणि सांगितलं की डिझेल पंप जाम झालाय, दुसरा बसवा. हा पंप म्हणजे ट्रॅक्टरचं हृदय. टाकीतलं डिझेल मोजून-मापून, जोराच्या दाबाने, प्रत्येक सिलिंडरच्या नोझलकडे तोच ढकलतो. अखजी जवळ आली होती. मी शहाद्याला परत आलो आणि सरळ खालच्या दुकानात गेलो.

"शेठ, डिझेल पंप पाहिजे."

"कोना ट्रॅक्टर?"

"बहिणीचा."

"मंग तं बिलकुल देवाव नही," शेठ म्हणाले आणि खुर्ची पुढे सरकवली.

रविवारी सकाळी ते माझ्या स्कूटरवर मागे बसून निघाले. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. सूर्य मावळल्यावर ते काही खात-पीत नसत, त्यामुळे वेळेत परतायचं ही अट त्यांनी आधीच घातली होती. तरीही मी जरा वेग घेतला की ते पाठीवर थोपटायचे.

पडवीत गेल्यावर त्यांनी आधी एअर क्लीनरचा जाड रबरी पाइप सोडला. आत एक पाल होती. मी काठी घेतली. शेठनी माझा हात धरला.

"हाऊ भाडेकरू शे. भाडेकरूले नोटीस देनी पडस, मंग येळ देना पडस. तुमले मालूम नही का?"

बहीण तोंडाला पदर लावून हसली. पाल आपल्या सोयीने बाहेर पडेपर्यंत आम्ही तिघं तिथे उभे राहिलो.

मग टाकी रिकामी केली. बावीस लिटर डिझेल निघालं, आणि ते बादलीत थोडं स्थिर झाल्यावर तळाशी दीड लिटरच्या आसपास पाणी दिसलं. डिझेल चहाच्या रंगाचं झालं होतं. शेठनी वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. जुन्या ऑइलपेंटच्या डब्यासारखा वास होता. "पानी!" त्यांनी निकाल दिला. "पंप-बिंप कायबी नही. मी शहादातच म्हणलं व्हतं." असं ते शहाद्यात म्हणाले नव्हते, पण मला त्या निकालाने बरं वाटलं.

पिशवीतून त्यांनी दोन नवे फिल्टर काढले, ते आणलेत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. टाकी धुतली, फिल्टर बसवले, ताजं डिझेल भरलं. मग एअर काढायचं काम. डिझेलच्या नळ्यांत हवा राहिली तर इंजिन घोट घेऊ शकत नाही. फिल्टरवरचा बोल्ट थोडा ढिला करायचा आणि हाताने छोटा पंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली. बोल्ट आवळला. मी सेल मारला.

इंजिन फिरलं. सायलेन्सरमधून काहीच आलं नाही. काळा नाही, पांढरा नाही, कसलाच धूर नाही. धूर नाही म्हणजे डिझेल आतपर्यंत पोचतच नव्हतं. शेठनी नोझलकडच्या नळ्यांचे नट ढिले करून पुन्हा सेल मारायला लावला. तिन्ही नळ्या कोरड्या.

तेवढ्यात बापू आले आणि खाटेवर बसले. त्यांनी बादलीकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं.

"शेठ, पानी तं निंघी गयं. आते ट्रॅक्टर बी निंघू द्या."

"बापू, तुमी येल शेतस तवपासून हाऊ लाजी ऱ्हायना," शेठ म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. ते उठले, हात धुतले आणि जेवायला वाढा म्हणाले.

बहिणीने वरण-बट्टी केली होती, शेठसाठी कांदा-लसूण न घालता. ते शांतपणे जेवले. बापूही जेवले. मला आठवतं की बहीण वाढताना सारखी पडवीकडे बघत होती. जेवण झाल्यावर शेठनी बाटलीतलं पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि विचारलं, "ताई, एक इचारनं ऱ्हाई गयं. शेवटला हात कोना?"

मी वर राहून हा प्रश्न शेकडो वेळा ऐकला होता. तरी तो इथे येणार हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बहिणीने हातातलं ताट खाली ठेवलं. "त्यास्ना," ती म्हणाली.

शेठ नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "त्यास्नी काय काय करं, ते देखाडशात का?"

ती उठली आणि ट्रॅक्टरवर चढून सीटवर बसली. यजमान गेल्यापासून ती त्या सीटवर बसली नव्हती, हे तिने मला नंतर सांगितलं. तिने गियरचा दांडा मधोमध आणला. ब्रेक ओढल्यासारखा केला. "मंग हाऊ वढा," असं म्हणत तिचा हात स्टॉपरकडे गेला आणि तिथेच थांबला.

ज्यांना ट्रॅक्टरची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुनं डिझेल इंजिन चावी फिरवून बंद होत नाही. स्टॉपर नावाचा एक गोंडा असतो, तो बाहेर ओढला की पंपातला दांडा सरकतो, डिझेल तुटतं आणि इंजिन बंद पडतं. मग गोंडा परत आत ढकलायचा असतो. इथे तो बाहेरच होता. त्याच्या मानेभोवती एक मळकट दोरा गुंडाळलेला होता आणि दोऱ्याला झेंडूच्या वाळलेल्या काड्या चिकटल्या होत्या.

"हाऊ हार?" शेठनी विचारलं.

"मी टाकस. दसराले." बहीण म्हणाली. "धोई-पुसी, कुकू लाई, मंग हार. गोंडा बाहेर येल व्हता, हार अडकावाले बरा पडे."

"तीनी दसरा?"

"तीनी."

बापूंनी खाटेवरून मान पुढे केली. त्या दुपारी यजमानांनी गोंडा ओढला होता आणि आत ढकलायचं राहून गेलं होतं. नंतर दरवर्षी तिने त्याच्यावर हार घातला. हार घातलेल्या वस्तूला कोण हात लावणार? मेकॅनिकनेही, मला आठवतं, तो हार जपून बाजूला सारूनच सेल मारला होता.

बहिणीने दोरा सोडवला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधला. मग गोंडा आत ढकलला. तो सहज आत गेला.

"थांबा," शेठ पंपाकडे वाकून म्हणाले. "तार सरकनी. पन पंप वरला खटका हालना नही."

त्यांनी पंपाच्या बाजूचं झाकण खोललं. आत तीन प्लंजर असतात, बोटाएवढे, आणि त्या तिघांना एकत्र फिरवणारा तो दांडा. जुन्या डिझेलची साय सगळ्यांवर डिंकासारखी जमली होती आणि दांडा बंदच्या जागेवर घट्ट चिकटला होता. शेठ आनंदाने म्हणाले, "जाम शे! मी म्हणलं व्हतं ना?"

"तुमी तं पानी म्हणलं व्हतं," बापू म्हणाले.

"पानीनीच जाम करं, बापू!"

मी हातोडी शोधू लागलो. शेठनी ती माझ्याकडून घेऊन पिशवीत टाकली आणि पिशवीवर स्वतः बसले. लोखंडाने मारलं तर प्लंजरला चरा पडतो आणि मग पंप खरोखरच बदलावा लागतो. त्यांनी स्वच्छ डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळलं, आतल्या सगळ्या सांध्यांवर सोडलं, बांबूची एक चपटी कामटी तासून बहिणीच्या हातात दिली. रोज हे मिश्रण घालायचं, रोज कामटीने दांड्याला हलकेच टेकायचं. "ढकलानं नही. इचारानं. हालस का, म्हनीसन."

"आनि हालना नही तं?"

"तं दुसरे दिन इचारा."

अखजीच्या आधी अजून एकच रविवार होता. मला धीर धरवत नव्हता. मी त्या आठवड्यात दोनदा शेठना म्हटलं की पंप काढून ठेवा, निदान हाताशी असू द्या. दोन्ही वेळा त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

बहीण मात्र रोज फोन करायची. आज नाही हललं. आज नाही. आज केसाएवढं हललं असं वाटलं, पण कदाचित माझाच हात हलला असेल. मग एका सकाळी फोन आला तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. "भाऊ, सरकना! ईकडथीन तिकडे सरकना! मधला प्लंजर थोडा आळशी शे, पन तोबी उठस आते." मी खाली जाऊन शेठना सांगितलं. त्यांनी गिऱ्हाइकाला तसंच बसवून ठेवलं आणि पिशवी भरायला घेतली, रविवारला अजून अवकाश असताना.

रविवारी त्यांनी पडवीत पोचल्या पोचल्या विचारलं, "ताई, पोळपाट शे का? लाकडी?"

चिकटलेला दांडा सुटला तरी चालू झाल्यावर तो पूर्ण डिझेलच्या जागेवर पुन्हा अडकू शकतो. तसं झालं तर इंजिन आवरत नाही, रेस वाढत जाते आणि इंजिन फुटू शकतं. तेव्हा स्टॉपर उपयोगाचा नसतो. एकच उपाय उरतो, हवा तोडायची. एअर क्लीनरचा पाइप शेठनी सोडूनच ठेवला होता आणि त्याच्या तोंडावर पोळपाट दाबायचा होता.

"तुमी सीटवर बठा," ते मला म्हणाले. "पोळपाट ताईले."

"मी दाबतो ना पोळपाट."

"नही. तुमी हिशेबवाला मानूस. दाबू का नको, याना हिशेब करशात, तवलगून इंजिन आभाळमा."

मग त्यांनी बहिणीकडून तालीम करून घेतली. बंद ट्रॅक्टरजवळ तिला उभं करायचं, स्वतः तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा आणि आवाज वाढला की ती पोळपाट पाइपवर टेकवणार. तळवे सपाट, बोटं कडेच्या बाहेर जाता कामा नयेत, नाहीतर ओढली जातील. बापू येऊन खाटेवर बसले तेव्हा शेठ गाल फुगवून घुमत होते आणि बहीण गंभीर चेहऱ्याने पोळपाट मारत होती.

"माय वं," बापू म्हणाले, "आज काय पुऱ्या शेतस का?"

एअर काढली. नळ्यांचे नट ढिले केले, मी सेल मारला. या वेळी तिन्ही नळ्यांतून डिझेल थेंब थेंब, मग चिळकांड्यांनी उडालं. शेठच्या सदऱ्यावर एक डाग पडला. तो त्यांच्या सदऱ्यावर मी पाहिलेला एकमेव डाग. नट आवळले. पुन्हा सेल. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, आणि धरलं.

पडवी हादरली. बापू उभे राहिले. मी हसत शेठकडे बघितलं, पण ते हसत नव्हते, ते पंपाकडे बघत होते. आवाज वाढत होता. मी ॲक्सिलरेटर खाली आणला, आवाज तरी वाढतच होता. स्टॉपर ओढला. काही फरक नाही. पत्रे वाजायला लागले, धूर काळा झाला आणि मी गोंडा हातात धरून तसाच बसून राहिलो. मनात काहीच येत नव्हतं, हिशेबसुद्धा नाही.

बहिणीने पोळपाट मारला.

पाइपने तो चपकन ओढून घेतला. इंजिन एकदा घुसमटलं, सगळा ट्रॅक्टर पुढेमागे झाला आणि बंद पडला. शांतता इतकी एकदम आली की लांब कुठेतरी मोटारीचं पाणी पडतंय ते ऐकू आलं. बहीण दोन्ही तळवे पोळपाटावर दाबून तशीच उभी होती.

"सोड आते," शेठ म्हणाले. ताईवरून ते एकेरीवर आले होते, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. "सोड. मरना तो."

तिने हात काढले. ती हसत होती. शेठनी फडक्याने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आते कोनी इचारं, शेवटला हात कोना, तं काय सांगशी?"

पदराच्या टोकाची गाठ तिने मुठीत धरली होती.

मधला प्लंजर अडकला होता. तो पुन्हा धुतला, पुन्हा तेल दिलं, दांडा मोकळा झाल्याची बोटाने खात्री केली. दुसऱ्या वेळी शेठनी मला सीटवरून उतरवलं आणि बहिणीला बसवलं. पोळपाट माझ्याकडे आला, पण त्याची गरज पडली नाही. ट्रॅक्टर एका सुरात, थोडा धापा टाकत, चालत राहिला. तिने स्टॉपर ओढला, इंजिन बंद झालं, तिने गोंडा आत ढकलला. "गोंडा मझार," म्हणत शेठनी तिला हे पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. मग सूर्य कलला आणि त्यांना शहाद्याची घाई झाली. जाताना ते बापूंना म्हणाले, "मी म्हणलं व्हतं ना, पोळपाट लागी."

अखजीला मी आणि बायको बहिणीकडे गेलो. यजमानांच्या नावाने तिने सकाळीच घागर भरून पुजली होती. सांजोऱ्या झाल्या होत्या, रस निघाला होता, आणि घरात ती नव्हती. बापू आंब्यांची टोपली घेऊन आले, त्या दिवशी शब्द घ्यायचा म्हणून. ओसरीवर बसले. काही विचारायच्या आधी नदीकडच्या बाजूने ट्रॅक्टरचा आवाज आला. बापूंनी थोडा वेळ तो ऐकला.

"नांगर थोडा खोल धरी ऱ्हायनी," ते म्हणाले. मग रसाची वाटी ओढून घेत मला म्हणाले, "तिले इचारी देखा ना. मन्हं दोन एकर वावर बी नांगरी देई का?"

शेठ आता सुरतेला मुलाकडे असतात. मुलाने तिकडे धंदा काढला, तो भाग लगेच देतो. आम्ही अजून त्याच घरात वरच राहतो. खालचं दुकान एका तरुणाने चालवायला घेतलंय, तोही भला आहे, काही विचारत नाही. बहिणीचा पोळपाट मात्र बदललेला नाही. त्याच्या मधोमध पाइपच्या तोंडाचं काळं वर्तुळ उमटलं, ते राखेने गेलं नाही, साबणाने गेलं नाही. ती पोळी त्या वर्तुळापर्यंत लाटते आणि मग त्याच्याबाहेर नेते. झेंडूचा हार दसऱ्याला आता स्टिअरिंगवर असतो.

शेठ अधूनमधून तिला फोन करतात. तब्येत, पाऊस, भाव यातलं काही विचारत नाहीत. एवढंच विचारतात, "गोंडा मझार शे ना?"

"शे, शेठ," ती सांगते. फोन ठेवते. आणि तरी एकदा पडवीत जाऊन बघून येते.